खोड सांगा, मग गाडी लावा

माझ्या ट्रकच्या बॉनेटवर त्याने तळहात ठेवला, डोळे मिटले आणि तसाच उभा राहिला. इंजिन बंद होतं. मी म्हटलं, "चालू करून दावू का?"

"कशाला? बैल घेताना कोन त्याला बोलाया लावतं का?"

मग त्याने गाडीला तीन फेऱ्या घातल्या. उकिडवा बसून खुरं बघावीत तसे टायर बघितले. मागच्या फळीवर दोन थापा मारल्या. इंजिनाकडे ढुंकून पाहिलं नाही. आणि एकदम गाडीकडे पाठ करून तो माझ्याकडे बघायला लागला, डोक्यापासून खाली. माझ्या उजव्या गुडघ्यापाशी त्याची नजर जरा रेंगाळली, मग पायातल्या बुटांवर गेली. मला वाटलं, आता माझं तोंड उघडून दात मोजतोय की काय.

त्याच्याबद्दल मी गोड गोड लिहीन अशी कुणी अपेक्षा करू नये. त्याने माझं एक नुकसान केलं आहे आणि ते मी विसरलेलो नाही. पण त्याची आठवण निघाली की अजून माझं रक्त उसळतं, आणि ते निव्वळ रागाने उसळत नाही, हेही कबूल करायला हवं. भाव करायला मी भल्याभल्यांशी बसलो आहे. त्याच्याशी आली तेवढी मजा कुणाशीच आली नाही.

खोपोलीला घाटाच्या पायथ्याशी मुंबईच्या एका मोठ्या वाहतूक कंपनीचं आवार होतं. तिथला तो एजंट. कंपनी बैलगाड्यांवर माल वाहत होती तेव्हा तिने त्याला घेतलं, कारण त्याआधी तीस वर्षं तो गुरांच्या बाजारात दलाली करत होता आणि कर्जतपासून चौकपर्यंतचा एकेक गाडीवान त्याच्या ओळखीचा होता. पुढे बैल गेले, ट्रक आले. एजंट तोच राहिला. समोर सगळे त्याला एजंटसाहेब म्हणत आणि पाठ वळली की हेडी. हेडी म्हणजे गुरांचा व्यापारी. आपल्याला हेडी म्हणतात हे त्याला माहीत होतं आणि त्याचा त्याला अभिमानच होता. गुडघ्याखाली येणारं धोतर, वर बंद गळ्याचा काळा कोट, खांद्यावर उपरणं, आणि हातात अजूनही बैल हाकायची काठी. ती काठी तो ट्रकच्या टायरवर आपटायचा आणि आवाजावरून हवा किती ते सांगायचा. चुकायचा नाही.

पन्नास ट्रक त्याच्या हुकमाने हलत, पण आयुष्यात तो मोटारीत बसला नव्हता. कर्जतहून रेल्वेने यायचा, गाडी चुकली तर चालत. "दलालानं मालावर बसू नये," म्हणायचा. "बसलं की माया लागते. माया लागली की भाव चुकतो."

लढाई संपली तेव्हा मी लष्कराचे ट्रक चालवून परत आलो होतो. साठवलेला पगार आणि दोन म्हशी विकून आलेले पैसे घातले आणि लष्कराच्या लिलावात एक अमेरिकन ट्रक घेतला. स्टिअरिंग डाव्या हाताला. तो घेऊन मी गावात आलो तेव्हा अख्खा गाव मागे धावत होता! पण पेट्रोल रेशनवर. कुपनं मिळायची ती मोठ्या कंपन्यांना. एकट्यादुकट्याला महिन्याला जे मिळे त्यात कर्जतचा बाजारसुद्धा दोनदा होत नव्हता. दोन महिने ट्रक दारात उभा. कोंबड्या त्याच्यावर चढून बसायला लागल्या. बायको म्हणाली, "ह्या धुडाचं आता लोनचं घाला, न्हाईतर कुटं तरी लावा."

लावायचा म्हणजे कंपनीला. कंपनी काम देणार, कुपनं देणार, भाड्याच्या रुपयातला आपला वाटा कापून घेणार. गाडी मालकाची, दारावर नाव कंपनीचं. इथपर्यंत मला मंजूर होतं. पण मुंबईच्या ऑफिसची पसंती अशी, की मालकाने गाडी द्यावी आणि घरी बसावं, चालवायला कंपनीचा ड्रायव्हर. ते मला मरेपर्यंत मान्य होणार नव्हतं. सहा वर्षं मी दुसऱ्याच्या गाड्या चालवल्या होत्या. आता स्वतःची आली आणि तिच्यावर दुसरा बसणार? मला माझी गाडी चालवायची होती. बस्स. बाकी सगळ्यावर घासाघीस चालली असती.

हेडी म्हणाला, "मालक गाडी जपतो, माल जपत नाय. घाटात पोत्यावरनं पानी गेलं तरी चालंल, पर कमानपाटा मोडाया नको, असा हिशेब असतो मालकाचा."

मी म्हणालो, "आनि पगारी ड्रायव्हर दोनीबी जपत नाय. पगार तेवढा जपतो."

त्याला हे आवडलं असावं. काठी बगलेत मारली आणि म्हणाला, "तीन दिसांनी ये."

हीसुद्धा त्याची पद्धत. बैल विकत घ्यायचा तर आधी त्याला उपाशी बघ, असं त्याचं म्हणणं. मालकाला तो तीन दिवस लटकत ठेवायचा आणि आवारासमोरच्या चहावाल्याकडून रोज खबर घ्यायचा: शिव्या देतो का, रडतो का, दुसऱ्या कंपनीची चौकशी करतो का. मी तिन्ही दिवस तिथेच बसून शिव्या दिल्या. चौथ्या दिवशी त्याने मला बोलावलं.

आवारात आधीच सात मालक आपापल्या गाड्या स्वतः चालवत होते. ते सगळे मजा बघायला जमले. कारण आता खोड विचारली जाणार होती.

गुरांच्या बाजारात विकणाऱ्याने जनावराची खोड आधी सांगायची असते. मारका आहे, जू टाकतो, चढावर बसतो, जे असेल ते. खोड सांगितली की भाव उतरतो, पण मग घेणाऱ्याला जनावर परत करता येत नाही. खोड नाही म्हणून विकलं आणि पुढे निघाली, तर मात्र बैल मुकाट्याने परत घ्यायचा. हेडीने हाच नियम ट्रकला लावला होता. फरक एवढाच की तो खोड विचारायचा ती गाडीची नव्हे, मालकाची.

"बोल, तुजी खोड काय?"

कडावचा एक मालक होता, गोल चेहऱ्याचा, सदा हसरा. तो मधेच म्हणाला, "माजी सासुरवाडी लिवलीय. कळंबचा रस्ता दिसला का गाडी आपोआप वळते."

सगळे हसले. दुसऱ्याची झोप लिहिली होती, जेवल्यावर त्याला डुलकी यायची. एकाची बाजाराच्या दिवशीची दारू. एक नाक्यावर पोलिसाशी भांडायचा. हेडी ते करारनाम्याच्या शेवटच्या ओळीत स्वतःच्या हाताने मोडीत लिहायचा आणि कागद मुंबईला पाठवायचा. तिथून शिक्का मारून परत यायचा. कामं वाटतानाही तो हे लक्षात ठेवायचा. झोपवाल्याला सकाळचा घाट, दारूवाल्याला बाजाराच्या दिवशी सुट्टी, कडाववाल्याला कळंबचा तांदूळ कधीच नाही.

मी म्हणालो, "मला खोड नाय."

"नाय?"

"नाय. लिवा. खोड नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग खांद्यावरचं उपरणं काढून त्याने आमच्या दोघांच्या उजव्या हातांवर टाकलं. वाटा ठरवायचा तो उपरण्याखाली, बोटांनी, तोंडातून चकार शब्द न काढता. अख्खा पंजा दाबला की पाच, मग जितकी बोटं धरली तितके आणे वर. तळव्यावर अंगठ्याने रेघ ओढली की अर्धा. बघणाऱ्यांना दिसतात फक्त चेहरे. त्याने माझा पंजा दाबला आणि चार बोटं धरली. नऊ. रुपयातले नऊ आणे माझे, सात कंपनीचे. मी हात झटकला आणि त्याचा पंजा दोनदा दाबला, वर दोन बोटं. बारा! त्याच्या मिशीचा केस हलला नाही. पुन्हा नऊ. मी अकरा. त्याची बोटं काथ्याच्या दोरासारखी खरखरीत होती आणि मला घाम फुटला होता, पण काय सांगू, असा आनंद मला लग्नातही झाला नव्हता. शेवटी त्याने माझा पंजा दोनदा दाबला आणि सोडून दिला. दहा!

बाकीच्यांना नऊ होते, हे कडाववाल्याने माझ्याकडे आधीच फोडलं होतं. मी मनात म्हटलं, जिंकलो.

उपरणं झटकताना हेडी म्हणाला, "बिनखोडीचा बैल म्हाग असतो. पर ध्यानात ठेव. निघाली तर परत."

मी हसलो. माझी गाडी, माझं स्टिअरिंग, आणि सगळ्यांपेक्षा आणा जास्त. कसली परत!

त्यानंतरचे सहा महिने म्हणजे नुसता धडाका. कडाव, कळंबकडचा सरकारी तांदूळ कर्जत स्टेशनला, खोपोलीहून मीठ आणि तांदूळ घाट चढून पुण्याला, येताना गूळ, कांदे, बटाटे. घाटाची चढण सुरू झाली की इंजिन असं ओरडायचं की बाजूच्या झाडीतली माकडं पळायची. रेडिएटरचं पाणी उकळायचं. माझ्या गाडीचा दुसरा गिअर चढावर निसटायचा, म्हणून मी तो उजव्या गुडघ्याने दाबून धरायचो आणि त्याच पायाने ॲक्सिलरेटर. वर पोहोचेपर्यंत मांडीत गोळे यायचे. पण खंडाळ्याचा वारा तोंडावर आला की मोठ्याने ओरडावंसं वाटायचं, आणि मी ओरडायचोही. माझ्याच गाडीत मला कोण अडवणार?

गिअरबद्दल मी कुणाला बोललो नव्हतो. कुणी विचारलंच नव्हतं.

पिठोरी अमावास्येला पोळा. त्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तेल-हळदीने मळतात. हेडीने त्या दिवशी आवारातल्या पन्नासही गाड्यांच्या कमानपाट्यांना, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांना, तेल दिलं, स्वतः कोट काढून, गाडीखाली उताणा पडून. दुसऱ्या दिवशी एकही गाडी हलू दिली नाही. रेडिएटरवर झेंडू, बंपरवर गेरू. मुंबईहून तार आली: गाड्या का उभ्या? त्याने उलट तार केली: खांदे दुखतात.

ही तारच बहुधा त्याला भोवली. दसऱ्यानंतर मुंबईहून छोटेशेठ आले. मालकाचे पुतणे, पंचविशीचे, पांढरे बूट, स्वतःची मोटार आणि तिला टोपी घातलेला ड्रायव्हर. बरोबर ऑफिसातले एक म्हातारे कारकून. आल्याआल्या छोटेशेठनी आम्हा आठ जणांना आवारात उभं केलं आणि कागद वाचून दाखवला. दिवाळीपासून मालकांनी गाडी चालवायची नाही. सगळ्या गाड्यांवर कंपनीचे ड्रायव्हर. मालकांनी घरी बसून भाडं घ्यावं.

कडाववाल्याचं हसूसुद्धा पुसलं गेलं.

हेडी काठी टेकत पुढे झाला. "शेठ, हुकूम हाय तर हायच. पर किती गाड्या तुमच्या ड्रायव्हरला द्यायच्या, ते जरा आमच्या पद्धतीनं बोलू. हात आना."

छोटेशेठना गंमत वाटली. हेडीने दोन वाक्यांत बोटांची भाषा समजावली, उपरणं टाकलं आणि सुरू झाला. छोटेशेठ आधी हसत होते. मग हसू गेलं. मग कपाळावर घाम आला. आम्ही आठ जण उभे. उपरण्याखाली कुणाच्या गाड्या जात आहेत, कुणाच्या राहत आहेत, कळायला मार्ग नाही. हेडीची कोपरं हलत होती. मी बघत होतो आणि माझ्या कानात सूं सूं होत होतं. हा आम्हाला विकतोय. ह्याला काय, तीस वर्षं मुकी जनावरंच विकली ह्याने!

मी पुढे झालो आणि उपरणं ओढलं.

अख्ख्या मुलखात असं कुणी केलं नसेल. लोक लग्नात अंतरपाट ओढतील, पण सौद्याचं उपरणं नाही. खाली दिसलं ते असं: छोटेशेठचा गोरा हात हेडीच्या काळ्या पंजात, आणि त्यांनी हेडीची दोन बोटं धरलेली. आठ गाड्यांवरून हेडीने त्यांना दोनावर आणलं होतं! अजून घटकाभर थांबलो असतो तर शून्यावर आणलं असतं.

पण आता सगळ्यांनी बघितलं होतं. छोटेशेठ कानापर्यंत लाल झाले. आपण गाडीवाल्यांसमोर सहा पायऱ्या उतरलो, हे उघडं पडलं होतं. हात झटकून ते ओरडले, "आठ! आठच्या आठ! आणि दिवाळी-बिवाळी नाही, आजपासून!"

"मेल्या!" कडाववाला माझ्या अंगावर आला. "सोन्यासारका सौदा उधळलास! तुज्या एकट्यापायी आमच्या घरात माती कालवलीस!" बाकीचेही सरसावले. पोलिसाशी भांडणाऱ्याने माझी कॉलर धरली.

हेडीने उपरणं उचललं, झटकलं, खांद्यावर टाकलं. आत जाऊन करारनाम्यांची पेटी घेऊन आला.

"शेठ, गाड्या न्या. पर आधी कागद वाचा. शेवटची ओळ."

शेवटची ओळ मोडीत. छोटेशेठना मोडी येत नव्हती. म्हाताऱ्या कारकुनाने चष्मा लावला आणि वाचलं. "गाडी चालवणार मालक स्वतः. त्याची खोड, सासुरवाडीस जातो. कंपनीस मान्य. मुदत दोन साल."

"हे काय आहे?" छोटेशेठ म्हणाले.

"खोड," हेडी म्हणाला. "खाली तुमचा शिक्का हाय. आता मला सांगा, सासुरवाडी ट्रकला असते का मानसाला?"

"माणसाला."

"मग कंपनीनं मानसाची खोड मान्य केली, म्हंजे आधी मानूस मान्य केला. खोड सांगून घेतलेलं जनावर परत जात नाय. दोन सालं तरी नाय."

कारकुनाने एकामागून एक सात कागद वाचले. झोप, दारू, भांडण. प्रत्येकाखाली मुंबईचा जांभळा शिक्का. मुंबईत शेवटची ओळ कुणी कधी वाचलीच नव्हती. छोटेशेठ वकिली शिकलेले होते असं म्हणतात. त्यांनी सातही कागद हातात घेऊन उलटेपालटे केले आणि खाली ठेवले. आवारात असा आरडाओरडा झाला! कडाववाल्याने हेडीचे पाय धरले.

"आठवा?" छोटेशेठनी विचारलं.

कारकून वाचू लागले. "गाडी नंबर अमुक. खोड नाही." त्यांनी कागद उलटा करून बघितला. "यात माणसाचा उल्लेखच नाही. फक्त गाडी आहे."

आणा जास्त मिळाला म्हणून मी सहा महिने मिशीला पीळ देत होतो. आणि स्वतःच्या करारात मीच नव्हतो.

छोटेशेठना एक तरी हाती लागला होता. त्यांनी आपल्या टोपीवाल्या ड्रायव्हरला हाक मारली. "चल रे, ही गाडी आत्ताच ताब्यात घे. बाहेर काढ." गाडीत पुण्याला न्यायचा तांदूळ भरून तयार होता. मी किल्ली दिली. दिली म्हणजे मातीत फेकली. माझी गाडी माझ्यासमोर चालू झाली आणि मी खाली उभा होतो. तेवढं दुःख मला बाप गेला तेव्हाही झालं नव्हतं.

आवाराच्या फाटकाशी रस्त्यावर चढायला छोटी चढण होती. ड्रायव्हरने पहिला गिअर टाकला, गाडी वर चढू लागली, दुसरा टाकला, आणि खाडकन तो निसटला. त्याने ब्रेक शोधला, स्टिअरिंग डाव्या हाताचं म्हणून हँडब्रेक चुकीच्या बाजूला चाचपला, आणि तेवढ्यात माझी भरलेली गाडी उलटी घरंगळत आली ती थेट मुंबईला पाठवायला रचलेल्या गवताच्या गंजीत! धप्प! गाठोडी चौफेर उडाली. टोपी आधी बाहेर पडली, मग ड्रायव्हर. त्याला खरचटलंही नव्हतं, पण तो म्हणाला, "शेठ, ही मी चालवणार नाही. हिला भूत आहे."

आता माझा भाव करायचा मोका आला होता. राग होताच, पण आता त्याला कामाला लावता येत होतं.

मी छोटेशेठच्या समोर जाऊन उभा राहिलो. "भूत नाय शेठ, गिअर हाय. तो माज्या गुडघ्यानं बसतो. घाट चढायचा तर गुडघा पायजे. आनि सरकारला तुमी आठ मालकांच्या गाड्या तांदळाला लिवून दिल्यात. आजपासून सातनं भागवा."

छोटेशेठनी हेडीकडे पाहिलं. हेडी आभाळाकडे बघत होता.

"काय हवंय तुला?" छोटेशेठ म्हणाले.

"ह्या कागदात मला घाला. खोड लिवा माजी."

"कोणती?"

मी तोंड उघडायच्या आत सातही जण ओरडले, "तापट!" मग एक म्हणाला, "हट्टी!" कडाववाला म्हणाला, "घासाघीस! चहावाल्यालासुदिक सोडत नाय!" मी म्हणालो, "तापट लिवा. हट्टी म्हंजे तेच. घासाघीस ही खोड नाय, तो धंदा हाय!" पाच मिनिटं माझ्याच दुर्गुणांवर भरबाजारासारखी बोली चालली होती. एकेक मी खाली पाडत होतो. हेडीने टाक शाईत बुडवून ठेवला होता.

"तापट," शेवटी तो म्हणाला. "ठरलं. दहाचे नऊ."

"उपरणं टाका," मी म्हणालो.

"ते तूच ओढलंस. आता उघड्यावर." त्याने टाक कागदाला टेकवला. "आनि गिअरची खोड लपवलीस. अर्धा आनखी गेला. साडेआठ."

"लपवली?" मी किंचाळलो. "तुमी गाडीची खोड इचारली कंदी? मानसाची इचारली!"

"इचारली नाय हे खरं. सांगितली नाय हेबी खरं. तुज्या इजारीच्या गुडघ्यावर गिरीसचा काळा डाग मी पयल्या दिसालाच बघितला व्हता. म्हनलं, बघू, कंदी सांगतो."

कडाववाला सासुरवाडीला गाडी वळवतो, त्याला नऊ. मला साडेआठ! हेच ते माझं नुकसान. न विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तराचा दंड कुठल्या बाजारात घेतात, मला दाखवा. दोन सालं मी तो भरला. पण त्या क्षणी छोटेशेठनी शिक्का काढला, कागदावर मारला, आणि त्या ओळीत मी होतो: चालवणार मालक स्वतः.

गवत बाजूला करून मी गाडीत चढलो. हेडी खिडकीशी आला. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "पयल्याच दिवशी सांगायचं की हो. खोड नाय लिवली तर मानूस कागदात येत नाय म्हनून."

"सांगितलं असतं," तो म्हणाला, "तर तू खोटी खोड सांगितली असतीस. सस्तातली."

आणि मागच्या फळीवर थाप मारली.

ते खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. पाव आण्याची एखादी खोड मी नक्की शोधून काढली असती. मी इतक्या रागात गाडी काढली की फाटकाची चढण कळलीच नाही. गुडघा गिअरवर घट्ट, इंजिन ओरडतंय, मीही ओरडतोय, शिव्या की आनंद ते माझं मलाच कळत नव्हतं. शिंग्रोबा घाटाचा राखणदार, त्याच्या देवळाशी सगळे ड्रायव्हर नाणं टाकून पुढे जातात. मी टाकलं नाही. म्हटलं, अर्धा आणा गेलाय माझा, तो आजच्या आज कुठून तरी वळता झाला पाहिजे. देवाने आपलं नाणं आज हेडीकडे मागावं.

दोन वळणं वर गेलो. मग गाडी कडेला घेतली, चारी चाकांना दगड लावले, आणि चढलेली दोन्ही वळणं पायी उतरून शिंग्रोबाचं नाणं टाकून आलो.